शंभरपैकी शंभर

११ नोव्हेंबर १९४१, मंगळवार

निकाल लागला. विमानांच्या ओळखीची परीक्षा: शंभर फोटो, शंभर बरोबर. साऱ्या परगण्यात दुसरा कुणी नाही. सिड लीकला अठ्ठ्याहत्तर पडले आणि दिवसभर तो आपल्या बेकरीच्या दारात उभा राहून पाव घ्यायला येईल त्याला ते सांगत होता. थोडक्यात समाधान मानणारी माणसं सुखी असतात.

फेनविकसाहेब मुद्दाम गाडी घेऊन आले. आमच्या निरीक्षक दलाचे या भागातले तेच अधिकारी. सिडसमोर माझा हात हातात घेऊन म्हणाले, "डॉबर, तुमच्यासारखे दहा मिळाले असते तर मी निवांत झोपलो असतो." सँडरबीच्या चौकीचा प्रमुख आजपासून मी. चौकी म्हणजे समुद्राकाठच्या टेकाडावर वाळूच्या पोत्यांचा एक खड्डा, त्यात एक नकाशाचं टेबल, एक दुर्बीण, एक टेलिफोन आणि कधीही न पेटणारा स्टोव्ह. पण आकाशात कोण आलं, आपलं की त्यांचं, हे इथून आम्ही सांगायचं आणि मग केंद्रानं तोफांना सांगायचं. चाळीस वर्षं मी लोकांची घड्याळं दुरुस्त केली. कुणी कधी हात हातात घेतला नाही.

प्रमुखानं रोजनिशी ठेवावी असं मला वाटतं, म्हणून ही वही. सुरुवातीलाच एक नवल नोंदवतो. या वर्षी साठावं लागलं आणि माझी चाळिशी सुटली. बारा वर्षं नाकावर होती. आता मनगटी घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग मी उघड्या डोळ्यांनी बसवतो. माझी बायको हेस्टर म्हणाली, लेन, डॉक्टरला दाखव. मी म्हटलं, काय सांगू त्याला, डोळे सुधारले म्हणून तक्रार आहे?

२ डिसेंबर, मंगळवार

दलात आता बायकाही घेणार. माझ्या वाट्याला एनिड मॉल्टबी आलीय. जॉब मॉल्टबीची मुलगी, वय एकवीस. जॉब दलदलीत होडी घालून रानबदकं मारतो आणि शहरातल्या खाटकांना विकतो. पोरगी लहानपणापासून बापाबरोबर होडीत पालथी पडून वाढलेली. बुटांना कायम चिखल.

मी विचारलं, "विमानांतलं काय कळतं तुला?"

"काही नाही, मिस्टर डॉबर. पक्ष्यांतलं कळतं."

"पक्षी बॉम्ब टाकत नाहीत."

"आमच्या होडीवर बसून बघा एकदा," ती म्हणाली.

सिड खिंकाळला. मी हसलो नाही. पहिल्याच दिवशी हसलं की पोरं डोक्यावर बसतात.

२० डिसेंबर, शनिवार

संध्याकाळी दुकान बंद केल्यावर एनिडला फोटो दाखवतो. माझ्याकडे चारशे बारा आहेत, बुटांच्या खोक्यात जातवार लावलेले. तिची प्रगती वाईट आहे. फोटो हातात घेते, उलटा करते, सुलटा करते, आणि म्हणते, "ह्यात ते उडत नाहीये ना."

"फोटोत कसं उडेल?"

"तेच तर. बदक आणि पाणकावळा बसले असले तर मीही चुकेन. उडाले की मैलावरून सांगते. पंख कसे मारतो, वळताना कुठला खांदा टाकतो..."

मी तिला सांगितलं, विमान पंख मारत नाही. मग सदतीस नंबरचा फोटो दाखवला आणि तिनं तोंड उघडायच्या आत मीच सांगितलं, ब्लेनहाइम, आपलं. दोन इंजिनं, लांब काचेचं नाक, पाठीवर घुमट आणि त्या घुमटात तोफवाला. मग एकोणचाळीस, जंकर्स ८८. दोन इंजिनं, पण ती नाकाच्या बरोबरीनं पुढे आलेली, पाठीवर घुमट नाही. शत्रूचं. आतापर्यंत लोकांनी सर्वांत जास्त घोटाळा या दोघांतच केलाय.

तिनं सदतीस नंबर परत हातात घेतला. "ह्याच्या कोपऱ्यात ओरखडा आहे. म्हणून कळलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, ओरखडा मला दिसलाही नव्हता. हे अगदीच खरं नाही. चारशे बारा फोटो रोज हाताळले की त्यांचे ओरखडे, ढग, मागची झाडं ओळखीची होणारच. त्यानं काय बिघडतं?

११ जानेवारी १९४२, रविवार

या हिवाळ्यासारखी खराब हवा मी पाहिली नाही. रोज धुकं. समुद्रावर तर सतत साय धरल्यासारखी. सकाळच्या पाळीला सिड म्हणाला, "काय झकास उजाडलंय, दीपगृह बघ कसं उठून दिसतंय." मी हो म्हटलं. सिडला उगाच आनंदी व्हायची सवय आहे.

दुर्बिणीच्या काचांत ओल शिरलीय. केंद्राला दुसरी मागितली. त्यांनी तपासून तीच परत पाठवली, दोष नाही म्हणून. सरकारी काम.

हेस्टरशी पडद्यांवरून वाजलं. मी म्हटलं, पिवळे पडलेत, धू. ती म्हणाली, कालच धुतलेत. तिनं ते खिडकीतून काढून माझ्या अंगावर टाकले. पिवळेच होते.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

तिमाहीचा निकाल. मी शंभर. सिड ऐंशी. एनिड एकाहत्तर, म्हणजे काठावर. सत्तरच्या खाली गेलेल्याला दल काढून टाकतं. फेनविकसाहेबांनी विचारलं, ठेवायची का? मी मोठ्या मनानं म्हटलं, ठेवा, मी घडवतो.

तिला हे सांगितलं तेव्हा तिनं आभार मानले नाहीत. म्हणाली, "मिस्टर डॉबर, परीक्षा बाहेर का घेत नाहीत? विमान बाहेर असतं."

१९ मार्च, गुरुवार

लिहावं की नाही, विचार करत होतो. प्रमुखानं खरं लिहावं.

दुपारी तीनला उत्तरेकडून एक आलं. मी म्हटलं, हॅम्पडेन. एनिड म्हणाली, "नाही हो, व्हिटली. नाक खाली घालून चाललंय बघा, म्हातारी काही हरवलेलं शोधत चालते तसं." मी हॅम्पडेन कळवलं. तासाभरानं केंद्राचा फोन आला, व्हिटली होतं. दोन्ही आपलीच, त्यामुळे कुणी मनावर घेतलं नाही.

पण या महिन्यातली ही तिसरी वेळ. हवा निवळली की सगळं सुरळीत होईल. त्यात पोरगी प्रत्येक वेळी माझ्याआधी बोलते, त्यानं माझं लक्ष विचलित होतं. आजपासून नियम केला: नाव फक्त प्रमुख सांगणार, जोडीदारानं ते फोनवर कळवायचं, नोंदवहीत लिहायचं आणि खाली आपल्या नावाची अक्षरं घालायची. तिनं ऐकून घेतलं. मान हलवली की नाही ते मला नीट दिसलं नाही.

१४ एप्रिल, मंगळवार

आज आम्ही एक पाडलं.

पाळी दुपारी चार ते आठ, मी आणि एनिड. वारा समुद्राकडून, जोराचा. पाच वाजून दहा मिनिटांनी आवाज आला, दोन इंजिनं, त्यातलं एक खोकत होतं. अगदी खालून येत होतं, लाटांना लागून. सूर्याची तिरीप पाण्यावर, सगळीकडे चकचकाट, पण आकार मला स्पष्ट दिसला: दोन इंजिनं नाकाच्या बरोबरीनं. एकोणचाळीस नंबर. मी म्हटलं, "जंकर्स ८८. शत्रू. लिही."

ती लिहीना. "मिस्टर डॉबर, पाठीवर घुमट आहे."

"लिही म्हटलं ना."

"घुमट आहे हो. ब्लेनहाइम आहे. चाकं खाली सोडलीत त्यानं, आपण आपले आहोत म्हणून दाखवतोय तो..."

तेवढ्यात त्यानं आमच्या दिशेनं काहीतरी झाडलं. भपकन उजेड झाला. आता चौकीवर गोळीबार होत असताना घुमटावर वाद घालत बसायचं का? मी ओरडलो, "प्रमुख कोण आहे इथं?" तेव्हा तिनं फोनवर सांगितलं आणि लिहिलं. तिचा आवाज कापत होता. पहिल्यांदा गोळीबार पाहिला की होतं तसं.

दोन मिनिटांत वाळूच्या टेकड्यांमागच्या तोफा सुरू झाल्या. चौथ्या की पाचव्या गोळ्याला ते कलंडलं आणि दलदलीत गेलं. मी टोपी काढून हवेत उडवली. साठाव्या वर्षी. एनिड पोत्यांवर हात टेकून तिकडेच बघत उभी होती. मी म्हटलं, "अगं, आपण केलं हे." पाळी संपल्यावर ती सायकल न घेताच चालत गेली.

१५ एप्रिल, बुधवार

गावात पाय ठेवायला सवड नाही. सिडनं साखरेचा साठा काढून केक केला आणि त्यावर जामनं '१' काढला. वाण्यानं दुकानातून बाहेर येऊन सलाम ठोकला. हेस्टरलासुद्धा अभिमान वाटला, तिनं माझा कोट ब्रशनं झाडला.

दलदलीकडचा रस्ता लष्करानं बंद केलाय. कुणाला जाऊ देत नाहीत. शत्रूचं विमान हाती लागलं की त्यातली यंत्रं तपासतात, म्हणून असेल.

१७ एप्रिल, शुक्रवार

एक गोष्ट खुपत होती. आज तिचा निकाल लावला.

चौकीत जाऊन नोंदवही पाहिली. 'जंकर्स ८८, शत्रू, ५.११' आणि खाली 'ए. मॉ.'. म्हणजे उद्या कागदोपत्री हे विमान एनिड मॉल्टबीनं ओळखलं असं होणार. जी घुमट घुमट करत बसली होती, तिनं. नियम मीच केला, मान्य. पण त्याचा असा अर्थ होईल हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

फेनविकसाहेबांना पत्र लिहिलं. चार प्रती फाडल्यावर पाचवी मनासारखी झाली. 'सदर विमान मी स्वतः, एकट्याने ओळखले. जोडीदार कु. मॉल्टबी यांचे मत वेगळे होते व त्या नोंद करण्यास तयार नव्हत्या. मी प्रमुख या नात्याने आज्ञा केल्यावरच त्यांनी नोंद केली. तरी श्रेय योग्य व्यक्तीच्या नावे लागावे.' सही केली. पोस्टात टाकलं. हलकं वाटलं.

१८ एप्रिल, शनिवार

दुकान बंद करत होतो तेवढ्यात जॉब मॉल्टबी आत आला. टोपी काढली नाही. चिखलाचा वास दुकानभर पसरला.

मी म्हटलं, "ये जॉब. पोरीचं अभिनंदन कर माझ्यातर्फे."

तो म्हणाला, "मंगळवारी होडी घेऊन मी गेलो होतो तिकडे. लष्कर यायच्या आधी."

"मग?"

"तिघं होते. दोघं गेलेलेच. तिसरा तासभर होता. घुमटातला. मी धरून बसलो होतो त्याला, चिखल वर चढत होता म्हणून. मला म्हणाला, 'काका, आम्ही आपली ओळख पटवायची रंगीत दारू उडवली होती, कुणाला दिसली नाही का?' इंग्रजीत म्हणाला, लेन. यॉर्कशरचा होता, बोलण्यावरून."

मी म्हटलं, काही जर्मन चांगलं इंग्रजी बोलतात.

जॉबनं दार ओढून घेतलं. मग निघून गेला.

जर्मन कितीही शिकला तरी मरताना यॉर्कशरचं इंग्रजी कशाला बोलेल?

पत्र पोस्टात आहे.

२१ एप्रिल, मंगळवार

फेनविकसाहेब आले. चौकीत नाही, घरी. हेस्टरला म्हणाले, चहा झाला तर बरं होईल, आणि ती आत गेल्यावर माझं पत्र टेबलावर ठेवलं.

"हे मला मिळालेलं नाही," ते म्हणाले.

मला अर्थ लागेना.

"ब्लेनहाइम होतं, डॉबर. समुद्रावरून परत येत होतं, एक इंजिन गेलेलं. आता माझ्यापुढे दोन कागद आहेत. एका कागदावर एकाहत्तर मार्कांच्या मुलीची अक्षरं आहेत. शिकाऊ मुलगी घाबरली, चुकली. वाईट झालं, पण होतं असं. दुसऱ्या कागदावर तुम्ही लिहून देताय की शंभर मार्कांच्या माणसानं, ज्याला मी नेमला, ती नको म्हणत असताना हे केलं. मग ते विचारतील, शंभर मार्क कसले दिले? परीक्षा कसली घेता? तुम्ही एकटे जाणार नाही यात."

मी म्हटलं, "पण ती म्हणाली होती..."

"ती काय म्हणाली ते वाऱ्यात तुम्हाला ऐकू आलं होतं का? आठवून सांगा."

हेस्टर चहा घेऊन आली. साहेबांनी तिच्या केकची तारीफ केली. तोच केक, सिडनं आम्हाला दिलेला अर्धा. जाताना पत्र माझ्या हातात दिलं आणि हात थोपटला. मी ते दुकानाच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. सगळं माझ्या बाजूनं झालं होतं.

२३ एप्रिल, गुरुवार

एनिडला काढलं. मला वाटलं होतं ती आरडाओरडा करेल. ती दुकानात आली, काउंटरपलीकडे उभी राहिली.

"त्यांनी मला फोटो दाखवला, मिस्टर डॉबर. सदतीस नंबरचा. म्हणाले, हे ओळखता आलं नाही ना तुला? मी म्हटलं, मी ओळखलं होतं. ते हसले."

मी स्प्रिंग बसवत होतो. मान वर केली नाही.

"तुम्ही नुसतं एवढं सांगा," ती म्हणाली. "त्यांना नको, मला सांगा. मी घुमट म्हटलं होतं की नव्हतं? कारण आता सगळे एकच बोलतात, तेव्हा मलाच कळेनासं झालंय. गावातल्या बायका आईशी बोलत नाहीत. मी रात्री उठून बसते आणि आठवते."

पत्र ड्रॉवरमध्ये होतं. तिच्यापासून हातभर अंतरावर.

मी म्हटलं, "वारा होता, एनिड. मला नीट ऐकू आलं नाही."

ती म्हणाली, "बरं," आणि गेली.

मी हलकट माणूस आहे. हे एकदा इथं लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठं लिहिणार नाही म्हणून.

९ जून, मंगळवार

दीड महिना लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं, हिंमत नव्हती. एनिड लीड्सला दारूगोळ्याच्या कारखान्यात गेली. तिच्या जागी मेव्हिस आलीय, शाळामास्तरांची मुलगी, अक्षर मोत्यासारखं. मला परगण्याचा शिक्षक नेमलंय. दर शुक्रवारी चर्चच्या सभागृहात मी चाळीस माणसांना फोटो शिकवतो.

गेल्या शुक्रवारी नवा प्रकार झाला. फेनविकसाहेबांनी फोटो मोठे करून पडद्यावर दाखवायचं यंत्र पाठवलं. मी मागं, यंत्रापाशी उभा. पडद्यावर पहिला फोटो पडला आणि चाळीस माणसांनी माझ्याकडे पाहिलं. मला पडद्यावर करड्या रंगाचा डाग दिसत होता. मी यंत्रातली पट्टी काढली, डोळ्यांजवळ धरली, नाव सांगितलं. बरोबर होतं. लोकांना वाटलं, ही शिकवायची पद्धत आहे. असं एकवीस वेळा केलं.

काल शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. हेस्टरला सांगितलं, घड्याळाचे सुटे भाग आणायला चाललोय. डॉक्टर तरुण आहे, बोलघेवडा. त्यानं दिवा घालून पाहिलं आणि विचारलं, "जवळचा चष्मा मध्यंतरी सुटला होता का हो?"

मी म्हटलं, गेल्या ऑगस्टमध्ये.

"हां. मोतीबिंदू. भिंग आतून घट्ट होत जातं, तेव्हा आधी जवळचं सुधारतं. लोक खूश होतात, गावभर सांगत सुटतात. लांबचं तेव्हाच जायला लागलेलं असतं. दिव्यांभोवती कडी दिसतात का? पांढरं पिवळट दिसतं?"

पडदे पांढरे होते.

धुकं नव्हतं. सगळा हिवाळा धुकं नव्हतं. सिडला दीपगृह दिसत होतं ते होतं म्हणून. आणि एनिडला घुमट.

१० जून, बुधवार

जॉबकडे गेलो. तो जाळं विणत दारात बसला होता. पत्र त्याच्यापुढे धरलं. त्यानं हात पुढे केला नाही. त्याला वाचता येत नाही हे मी विसरलो होतो. मग मीच वाचून दाखवलं, मोठ्यानं, 'त्या नोंद करण्यास तयार नव्हत्या' इथपर्यंत, आणि डोळ्यांचंही सांगितलं.

तो म्हणाला, "मला काय सांगतोस? मला माहीतच होतं."

"एनिडला कळवशील?"

"तू कळव. आणि तिला नुसतं कळवून काय, गावाला सांग. केंद्रात सांग. माझ्या दारात येऊन रडलास की झालं, असं वाटलं का तुला?"

खरं सांगायचं तर तसंच वाटलं होतं.

१२ जून, शुक्रवार

केंद्रात गेलो. डॉक्टरचा कागद आणि पत्र, दोन्ही टेबलावर ठेवलं. म्हटलं, मला काढा. निदान काढा तरी.

फेनविकसाहेबांनी दोन्ही शांतपणे वाचलं. मग उठून दार लावलं. ते दुष्ट माणूस नाहीत. तसे असते तर मला सोपं गेलं असतं.

"डोळ्यांसाठी काढलं तर कागदावर तारीख येईल," ते म्हणाले. "हे ऑगस्टपासून आहे असं तुमचा डॉक्टर लिहितो. म्हणजे एप्रिलमध्ये होतं. म्हणजे चौकशी उघडणार. तीन घरांना आम्ही कळवलंय की पोरं समुद्रावर शत्रूशी लढताना गेली. त्या आयांना आता मी दुसरं पत्र पाठवू? काय लिहू, तुम्हीच सांगा मजकूर. पत्रं चांगली लिहिता तुम्ही."

मी म्हटलं, "मला दिसत नाही, साहेब. विमान आलं तर मला दिसत नाही."

"जोडीदार असतो ना. तिला दिसेल. तिला विचारा, आणि सांगा. वर्षभर काढा, मग वयाचं कारण देऊन सन्मानानं निवृत्त करू." डॉक्टरचा कागद त्यांनी स्वतःच्या खिशात घातला. "आणि लीड्सला काही लिहू नका. पत्रं उघडली जातात."

एनिडला लिहिलेलं पत्र माझ्या खिशात होतं. परत येताना पोस्टाच्या पेटीपाशी थांबलो. बराच वेळ थांबलो. मग दुकान उघडायची वेळ झाली.

३० जून, मंगळवार

पाळी चार ते आठ, मेव्हिसबरोबर. आकाश स्वच्छ आहे असं ती म्हणाली.

सहाला पाच कमी असताना समुद्राकडून आवाज आला. दोन इंजिनं. मी दुर्बीण लावली. उजेडाचा नुसता पडदा, त्यात काहीतरी सरकत होतं. मेव्हिस पेन्सिल घेऊन तयार. फोनवर केंद्र विचारत होतं, सँडरबी, बोला, काय आहे?

मी म्हटलं, "तुला काय वाटतं?"

"मला काय कळतंय, मिस्टर डॉबर."

"नाव नको सांगू. दिसतंय ते सांग. पाठीवर घुमट आहे का?"

तिनं वर पाहिलं. तिला दिसत होतं. बावीस वर्षांचे डोळे, स्वच्छ हवा, दिसणारच. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं.

"तुम्ही सांगा," ती म्हणाली. "मी लिहिते. बाबांनी बजावून पाठवलंय, डॉबर सांगतील ते लिही, मध्ये तोंड घालू नकोस. एनिड मॉल्टबीनं घातलं आणि तिघं मेले."

"मेव्हिस, मला दिसत नाहीये. ऐक. मला खरंच दिसत नाहीये."

ती हसली. अगदी लाजून, शहाण्या विद्यार्थिनीसारखी. "कळलं मला. तुम्ही परीक्षा घेताय माझी."

आवाज डोक्यावर आला. केंद्र पुन्हा विचारत होतं. टेकड्यांमागं तोफा वळत असणार. मेव्हिसनं पेन्सिल कागदाला टेकवली आणि विश्वासानं माझ्याकडे पाहत राहिली.

मी म्हटलं, "आपलं."

तिनं लिहिलं आणि खाली आपली अक्षरं घातली.

विमान गावावरून गेलं. अर्ध्या तासानं फोन आला, मेव्हिसनं घेतला आणि टाळी वाजवली. आपलंच होतं. केंद्र म्हणतं, शाबास. ती म्हणाली, "दुर्बीण खाली केलीत आणि सांगितलंत. न बघता. हे मी घरी सांगणार."

मी अंदाजानं बोललो होतो. उद्या चारला पुन्हा पाळी आहे.